काळी की बंद

खारूने लॅपटॉपला झोपवलं होतं. नुसतं झाकण लावलं असं नाही, चांगलं रीतसर झोपवलं होतं. झाकण मिटून त्यावर तिचा तोंड पुसायचा रुमाल पांघरला होता आणि इस्त्रीच्या टेबलाशी चवड्यांवर उभी राहून ती त्याच्या पाठीवर थोपटत होती, थेट माझ्या लयीत, दोन हळू आणि एक जरा जोरात. मी स्वयंपाकघरातून धावत आले तेव्हा हाताला उतू गेलेल्या दुधाचा वास होता आणि तोंडात नुकतंच बोललेलं एक वाक्य, अजून पुरतं न गिळलेलं. "श्श," ती म्हणाली, "तो दमलाय." हे माझंच. तिला त्यावर कार्टून हवं असलं की मी सांगायची, झोपलाय गं तो, दमलाय. एकदा तिने विचारलं होतं, "मग त्याचा दिवा का चालू आहे?" आणि मी म्हणाले होते, काही जण डोळे उघडे ठेवून झोपतात. थाप मारताना मला फार विचार करावा लागत नाही. तोंडातलं ते वाक्यसुद्धा त्याच जातीचं होतं.

वाक्य असं होतं: "हो ना मॅडम, सासूबाई असतात की घरी. त्याच बघतात तिला." दुधाचा फस्स आवाज आला तेव्हा मी हे मीटिंगमध्ये बोलत होते. मग "एक मिनिट हं" म्हणून हेडफोन काढून टेबलावर टाकला आणि पळाले. सासूबाई घरी नव्हत्या. नणंदेचं बाळंतपण झालं तेव्हा त्या तिच्याकडे गेल्या त्या तिथेच रमल्या. जाताना म्हणाल्या होत्या, "मी काही इथे पुरलेली नाहीये, जाऊन येते." जाणं झालं, येणं राहिलं. मी हे ऑफिसात सांगितलं नाही. ऑफिसची अट एवढी एकच होती: घरून काम करायचं तर कामाच्या वेळात मुलीजवळ दुसरं कोणीतरी हवं. नोकरीतला परीक्षेचा काळ संपत आला होता. मला कायम करायचं की नाही, ते या मीटिंगनंतर मोठ्या बाई ठरवणार होत्या, आणि म्हणून त्यांनी सगळ्यांदेखत अगदी सहज, हसत विचारलं होतं, "काय गं, घरचं सगळं नीट आहे ना? मुलीला कोण बघतं?" मोठ्या बाई म्हणजे आमच्या विभागाच्या प्रमुख. वयाने फार मोठ्या नाहीत, पण चष्म्यावरून बघतात, म्हणून मोठ्या.

मी रुमाल ओढला, झाकण उघडलं. काळं. कळ दाबली, काळं. त्या काळ्यात मी दिसले, केस विस्कटलेली, तोंड उघडं, आणि माझ्या कमरेशी खारूच्या डोक्यावरचा तुरा. तिकडे मीटिंग चालू असणार, आता माझी पाळी येणार, मोठ्या बाई माझं नाव घेणार आणि माझ्या जागी रिकामी चौकट. पाच मिनिटांपूर्वी घरचं सगळं नीट असलेली बाई गायब. डोक्यात कळ गेली. म्हणजे कुठून कुठे गेली ते मला माहीत नाही, पण जे तोंडातून आलं ते माझ्या ओळखीच्या आवाजात नव्हतं. "काय केलंस हे! हजारदा सांगितलं हात लावू नको! आजी तिकडे जाऊन बसली, बाबा सकाळी जातो तो अंधार पडल्यावर उगवतो, आणि तू माझ्या बोकांडी! तू नसतीस ना, तर कुठेतरी उजेड पाडला असता मी!" रुमाल माझ्या हातातून कधी भिरकावला गेला कोण जाणे, तो खिडकीच्या गजाला अडकून लोंबत राहिला. खारू रडली नाही. तिने माझ्याकडे बघितलं, मग लॅपटॉपकडे, मग परत माझ्याकडे, जसं दोन चित्रांतला फरक शोधायचा असतो तसं. "उजेड?" ती म्हणाली. "गप बस आता," मी म्हणाले.

माझं काम लोकांची बंद पडलेली यंत्रं फोनवरून चालू करून द्यायचं. मी बघत काही नाही, फक्त ऐकते आणि विचारते. स्क्रीन लागत नाही असं कोणी म्हणालं की आमचा पहिला प्रश्न ठरलेला: काळी आहे की बंद आहे? लोक चिडतात. अहो बाई, दोन्ही एकच ना, दिसत नाहीये म्हणजे नाहीये! नाही हो काका, एक नाही. बंद म्हणजे आत काहीच नाही, दिवा नाही, पंखा नाही, ऊब नाही. काळी म्हणजे आत सगळं चालू, नुसता चेहरा लागत नाही. हात ठेवून बघा बरं, गरम लागतंय का? आणि पलीकडचा चिडका माणूस हात ठेवतो, हे मला ऐकू येतं, त्याचा श्वास बदलतो, आणि तो हळूच म्हणतो, "हो, लागतंय." हे मला फार आवडतं. त्या क्षणी मला वाटतं मी कोणाला तरी जिवंत माणसाची बातमी दिली. माझ्या आवाजाला ऑफिसात लोणी म्हणतात. लोण्याकडे द्या, असं म्हणून तापलेली गिऱ्हाइकं माझ्याकडे ढकलतात. मघाचा आवाज त्यांनी ऐकला असता तर, असं मनात आलं, आणि मी स्वतःशीच म्हटलं, बरं झालं बाई लॅपटॉप लागला नाही. नशीब म्हणायचं.

तर मी हात ठेवला. गरम होतं. आत पंखा बारीक घुरघुरत होता, झोपेत नाक चोंदलेल्या पोरासारखा. मोठ्या अक्षरांची कळ दाबली तर तिचा इवलासा दिवा लागला, परत दाबली, विझला. म्हणजे काळी. बंद नाही. मग उजेड वाढवायची कळ, दाबून धरली. मग चार कळा एकदम दाबायची ती युक्ती, जिने पडद्याला दचकवून जागं करता येतं. टुक असा आवाज यायला हवा, तो कुठे गेला कळलं नाही. शेवटचा उपाय म्हणजे मोठं बटण दाबून त्याला ठार बंद करायचं आणि पुन्हा उठवायचं, पण आठवड्याच्या तक्रारींचा माझा तक्ता उघडा होता आणि तो मी साठवला नव्हता. गिऱ्हाइकांना मी या ठिकाणी म्हणते, घाई नको, आपल्याकडे अजून उपाय आहेत. मी मात्र त्याच चार कळा पुन्हा पुन्हा दाबत होते, आणि ते नुसतं लॅपटॉपसाठी नव्हतं एवढं मला तेव्हाही कळत होतं.

खारू अजून तिथेच उभी होती. रागावल्यावर मुलं लांब जातात असं म्हणतात, ही जवळ येते. तिच्या कोपराचा मऊ खड्डा माझ्या मांडीला लागला आणि मला आईची आठवण झाली, म्हणजे तिच्या मांडीची. लहानपणी दुपारी मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपल्याचं सोंग करायची, पापण्यांच्या फटीतून तिची बांगडी बघत. आई पूर्वी एका इस्पितळाच्या टेलिफोनवर होती. कानाला चाप, तोंडाशी नळी, समोर भोकांची फळी, आणि एका भोकातली दोरी दुसऱ्या भोकात. कोणाला कोणता वॉर्ड, कोणाला कोणता डॉक्टर, कोणाच्या घरी काय सांगायचं आणि काय नाही. तिचा आवाज सगळ्या गावाला माहीत होता आणि चेहरा कोणालाच नाही, असं ती सांगायची. मी झाले आणि तिने ते सोडलं. पण सवय सुटली नाही. घरचा फोन ठेवून दिल्यावरसुद्धा ती त्यावर तळवा ठेवायची आणि मगच बोलायची. "लाइन उघडीच आहे असं धरून चालावं," म्हणायची, "आमच्यात असं शिकवतात." अशी सावध बाई. पण एका दुपारी शेजारच्या काकू आल्या होत्या, मी मांडीवर होते, आणि आई म्हणाली, "ही झाली आणि माझा आवाज गेला." काकू म्हणाल्या, "हळू, जागी असेल." आई म्हणाली, "छे, कधीच गार झालीय." मी गार झाले नव्हते. मी पापण्या आणखी घट्ट मिटल्या. आईला म्हणायचं होतं की नोकरी गेली, ओळख गेली, एवढंच. हे मला आता कळतं. तेव्हा मला वाटलं, मी होताना आईचा आवाज माझ्यात आला, मी तो घेऊन बाहेर पडले. म्हणजे चोरी. म्हणून मी तो जपून वापरायला लागले. वर्गात बाई म्हणायच्या, अगं जरा मोठ्याने वाच, उंदीर आहेस का? मी आणखी हळू वाचायची. ऑफिसात ज्याला लोणी म्हणतात ते हे. आईला मी हे कधी सांगितलं नाही, आणि आता सांगून तिला काय द्यायचं? तिला तर आठवणारही नाही. बोलणाऱ्याला कुठे आठवतं.

"आई, यात कोणीतरी आहे," खारू म्हणाली. तिने टेबलावरचा हेडफोन डोक्यात घातला होता, तो घसरून गळ्यात आला होता, आणि ती एक वाटी कानाशी धरून उभी होती. "काढ तो. तुटेल." "काकू आहे." "कोणी काकू नाही. लॅपटॉप झोपलाय." "ती म्हणते बंद कर." "अगं बंदच आहे ना!" मी म्हणाले, आणि माझं मलाच हसू आलं, कारण दिवसभर लोकांना समजावणारी मी, बंद कुठे होती ती, काळी होती. मी हेडफोन तिच्या गळ्यातून काढून परत टेबलावर ठेवला. तिचे केस त्यात अडकले, तिने "आई गं" केलं, मी ते सोडवले आणि तिच्या कानामागे फुंकर घातली. मग वाटलं, हिला हसवावं. मघाचं सगळं हिच्या तोंडावरून पुसून टाकावं. माझ्याकडे त्यासाठी एक हुकमी गोष्ट होती. मी नाकाच्या शेंड्यावर चष्मा असल्यासारखी मान वाकवली, ओठ पुढे काढले आणि मोठ्या बाई झाले. "हंऽऽ, बरं का मंडळी," मी नाकातून म्हणाले, "आपण सगळे एक कुटुंब आहोत, बरं का, आणि कुटुंबात सुट्टी नसते!" खारू हसते यावर, नेहमी. आजही हसली, पण अर्धवट, नक्कल संपायच्या आधी. "आणि खारूताई, आपली तक्रार काय? काळी की बंद?" ती विचारात पडली. मग म्हणाली, "काळी." "शाब्बास. आता आपण टॉर्च लावून बघूया हं."

टॉर्चचा उपाय खराच आहे. कधीकधी पडद्यामागचा दिवा तेवढा जातो. चित्र तिथेच असतं, पण अंधारात. मोबाइलचा टॉर्च तिरका धरला की ते पुसट दिसतं, तळ्याच्या तळाशी पडलेल्या नाण्यासारखं. मी किती लोकांना हे करायला लावलंय. पडदे ओढा, टॉर्च तिरका धरा, डोळे जवळ न्या, दिसतंय काही? आणि ते म्हणतात, अरे हो की! मी खिडकीचा पडदा ओढला. खोलीत दुपारचा खोटा अंधार झाला. टॉर्च तिरका धरला आणि वाकले.

आधी एक कोपरा दिसला, मग एक रेघ, मग कोणाचा तरी कान. मग दाढी. आमच्या ऑफिसातल्या दाढीवाल्याची दाढी, राखाडी, बुडल्यासारखी. त्याच्या शेजारी नवीन लागलेली मुलगी, तोंडावर हात ठेवलेली. आणि मध्ये मोठ्या बाई, चष्म्यावरून बघत, ओठ हलत होते. सगळे हलत होते. खालच्या चौकटीत एक बाई होती, खालून उजेड पडल्यामुळे भुतासारखी, वाकून डोळे फाडून बघणारी. तिच्या चौकटीभोवती बारीक कड चमकत होती. आमच्याकडे ज्याचा आवाज चालू असतो त्याच्या चौकटीला ती कड येते. झाकण उघडल्याबरोबर मीटिंग आपली आपण परत जोडली गेली होती, सकाळी उठून रात्रीचं भांडण जिथे सोडलं तिथून पुढे सुरू करावं तशी, आणि दूध उतू गेलं तेव्हा मी माइक बंद केला नव्हता.

मी काय काय बोलले ते मला आठवायची गरज पडली नाही. ते सगळं त्या राखाडी चेहऱ्यांवर होतं. आजी तिकडे जाऊन बसली. बरं का मंडळी. आणि ते दुसरं. ऐकून माणसं ओशाळतात तेव्हा त्यांचे डोळे कसे एका जागी ठरत नाहीत, ते मी पुसट का होईना पाहिलं. दाढीवाल्याने आपली चौकट बंद केली. नव्या मुलीनेही केली. एकेक करून चौकटी विझत गेल्या. माझ्या लाजेपुढे पाठ फिरवून उभी राहिलेली ती भली माणसं. त्यांनी हसावं, असं मला झालं. निदान हसावं. माइक बंद करायचं बटण कुठेतरी खालच्या काठाला होतं. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हाताचं बोट, आणि तो बाण माशासारखा उजेडातून निसटत होता. टॉर्च त्याच्यावर न्यावा तर माझा चेहरा अंधारात जायचा, मागे घ्यावा तर पुन्हा भूत. मी झाकण लावू शकत होते. पण झाकण लावलं तर पळाले असं झालं असतं, आणि कुठे पळणार, मी घरीच तर होते.

बाण सापडला तेव्हा मी तो दाबला नाही. हेडफोन उचलून कानाला लावला. मोठ्या बाईंचा आवाज अगदी जवळून आला, इतक्या जवळून की मी दचकले. "ऐकू येतंय का आता?" "हो, मॅडम." त्यांनी चष्मा वर सरकवला. मग म्हणाल्या, "अगं, तुझा आवाज फार तुटत होता. आम्हाला काही कळलंच नाही." "हो, हो," कोणीतरी अंधारातून म्हणालं, "नुसती खरखर येत होती." "काहीच कळलं नाही," नवी मुलगी म्हणाली, फारच पटकन.

आपला आवाज तुटतोय. हे आमचं वाक्य आहे. धंद्यातलं. गिऱ्हाईक रागाच्या भरात नको ते बोलून जातं, शिवी देतं, कधी रडतं, आणि मग एकदम गप्प होतं, तेव्हा आम्ही म्हणतो, साहेब, आपला आवाज तुटत होता, परत एकदा सांगता का? म्हणजे त्याला मघाचं सोडून नव्याने सुरुवात करता येते. मीच ते नव्या मुलीला शिकवलं होतं. पलीकडून ते कसं लागतं हे मला माहीत नव्हतं. उबदार लागतं आणि सोलून काढतं. "तू आधी तिच्याकडे बघ," मोठ्या बाई म्हणाल्या, त्यांच्या खऱ्या आवाजात, नाकातून मुळीच नाही. "बाकीचं आपण उद्या बोलू." उद्या काय बोलणार ते त्यातच आलं होतं. सासूबाई असतात की, असं म्हणणाऱ्या बाईला, तू तिच्याकडे बघ, असं सांगितलं जातं तेव्हा त्यात सगळंच येतं. मी "हो" म्हणाले. मग बाण दाबला. कड विझली.

हेडफोन काढला तेव्हा घरात आवाज नव्हता. पंख्याची घुरघुर, आणि दुधाचा करपट वास. खारू कमरेशी नव्हती. "खारू?" पलंगावर नव्हती. दाराला कडी होती, तेवढं बघून जीव खाली आला. स्वयंपाकघरात शेगडीवरचं दूध पिवळं होऊन चिकटलं होतं, तिथेही नाही. न्हाणीघरात नाही. मी हाका मारत होते आणि माझी हाक मला ऐकू येत होती, हळू, लोण्यासारखी, आणि मला तिची किळस आली. त्या सगळ्यांनी न ऐकल्यासारखं केलं. ते मोठे होते, त्यांना ते करता येतं, त्यांना शिकवलेलं असतं. हिचा आवाज कसा तुटणार? ती तर इथे होती, माझ्या मांडीला टेकून, आणि तिला माझं सोडून कोणाचंच काही पूर्ण ऐकू येत नाही अजून.

कपाटाचं दार जरासं उघडं होतं. आत तिच्या बाबाचे शर्ट टांगलेले, आणि त्यांच्या खाली माझ्या चादरींवर ती बसली होती, पाय पोटाशी घेऊन, दोन्ही हातांनी डोळे झाकून. इतके घट्ट की बोटांची टोकं पांढरी झाली होती. "इथे काय करतेस गं बाळा?" ती हलली नाही. हातांच्या आतून, अगदी हळू, वर्गात मी वाचायची तितक्या हळू म्हणाली, "मी नाहीये."

मी तिथेच जमिनीवर बसले. शर्टाची बाही माझ्या डोक्याला लागत होती. बोलायचं खूप होतं, पण जे जे जिभेवर आलं ते सगळं कामावरचं वाटलं, समजावणीचं. तिने एक बोट जरा बाजूला केलं. फटीतून एक डोळा दिसला. "आई, पडला का उजेड?"

मग तिला दिसलं. माझ्या हातातला टॉर्च मी बंदच केला नव्हता. तो माझ्या मांडीवर उताणा पडला होता आणि कपाटभर उजेड झाला होता, शर्टांवर, चादरींवर, तिच्या नडग्यांवर. तिचे हात खाली आले. तोंड हळूहळू उघडत गेलं, आणि इतका आनंद त्या तोंडावर मी वाढदिवसालाही पाहिला नव्हता. "पडला!" ती म्हणाली. "आई, पडला! बघ!" मी तिला ओढून घ्यायला हात पुढे केला आणि दुसऱ्या हाताने टॉर्च विझवायला गेले. तिने माझं मनगट धरलं.

"नको ना घालवू," ती म्हणाली, आणि पुन्हा डोळ्यांवर हात ठेवून नीट बसली. "थांब. मी अजून थोडा वेळ नसते."